बिअरचं पातेलं: आधी शेगडी बघ, मग भांडी बाजारात जा

प्रश्न थोडक्यात असा: "मी मूळची पंचवटीची, सध्या इंग्लंडमध्ये लीड्सला एमएस्सी करते आहे. दोन मैत्रिणींबरोबर तिथे घरी बिअर करायला लागले आहे. आतापर्यंत ८ लिटरच्या पातेल्यात भागवलं, आता मोठं हवं आहे. होमब्रूइंगची म्हणून मिळणारी तिथली भांडी परवडत नाहीत. दिवाळीला नाशिकला आले आहे, तर भांडी बाजारातून ४० लिटरचं पातेलं घेऊन जाऊ का? स्टील घ्यावं की ॲल्युमिनियम? आई म्हणते तांब्याचं घे."

घेऊन जा, जरूर घेऊन जा. पण ४० लिटरचं नको.

मी स्वतः यॉर्कशरमध्ये अठरा वर्षं राहिले. त्यातली बारा वर्षं घरी बिअर केली आणि शेवटची चार एका छोट्या ब्रुअरीत उकळण्याच्या भांड्यापाशीच नोकरी केली. आता गंगापूर रोडला राहते आणि इथे घरी बिअर करत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे आणि बिअर त्यात येते. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही की कर लागत नाही, फक्त विकायची नाही. त्यामुळे तू तिथे जे करतेस ते बिनघोर कर. इथे मात्र पातेलं तपासायचं ते साध्या पाण्यावर. ते कसं, ते पुढे सांगतेच.

आता ४० लिटरचं का नको, ते सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे. पातेलं निवडायचं ते खालून वर. आधी आच किती आहे ते बघायचं, मग बूड, मग उंची, आणि धातू सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. आधी धातूवर वाद घालतात, मग मिळेल तेवढं मोठं भांडं घेतात आणि घरी आल्यावर शेगडीकडे बघतात.

थोडा हिशेब करू. उकळत्या पाण्यातलं १ लिटर पाणी वाफ होऊन जायला साधारण ०.६३ युनिट उष्णता लागते. तिथल्या स्वयंपाकघरातला गॅसचा सगळ्यात मोठा बर्नर साधारण ३ किलोवॉटचा असतो, आणि त्यातली निम्मी आच पातेल्याच्या बाजूने निघून जाते. म्हणजे पातेल्यात पोचते दीड किलोवॉट, तीही नशीब चांगलं असेल तर. एवढ्यावर तासाला फार तर २ लिटर पाणी आटतं. आता ४० लिटरच्या पातेल्यात तू करणार काय? तिथला नेहमीचा घाणा २३ लिटरचा, म्हणजे ४० पाइंट. त्यासाठी माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, २८ लिटर काढा उकळायला घ्यावा लागतो. तेवढा ऐवज माल्ट भिजवायच्या ६६ अंशांवरून उकळीला यायला कागदावर पाऊण तास लागतो आणि प्रत्यक्षात सव्वा तासाच्या वर. कारण तापलेल्या पातेल्याच्या अंगातून आणि उघड्या तोंडातून उष्णता सतत जात असते. कधी कधी तर उकळी येतच नाही. पाणी ९७-९८ अंशांवर हुंकारत राहतं, एका कडेला बुडबुडे येतात आणि तेवढ्यावर थांबतं.

हे मी भोगलेलं आहे. तिसऱ्याच वर्षी मी हौसेने ५० लिटरचं पातेलं घेतलं. दोन बर्नरवर आडवं ठेवलं, ३० लिटर काढा भरला. दीड तास झाला तरी खळखळून उकळी नाही. मग कंटाळून वर झाकण घातलं, तेव्हा कुठे उकळलं. तीन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली तर उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास. चाळीस पाइंट बिअर मोरीत ओतली. दोष माल्टचा नव्हता आणि यीस्टचाही नव्हता. फिक्या माल्टमध्ये एक पदार्थ असतो, तो तापला की त्यातून डायमिथाइल सल्फाइड तयार होतं. उघड्या तोंडाने जोरात उकळलं तर ते वाफेबरोबर उडून जातं. झाकण घातलं की थेंबाथेंबाने परत आत पडतं. म्हणजे आच कमी पडली म्हणून झाकण घातलं आणि झाकणाने बिअर घालवली.

उकळी नुसती जंतू मारायला लागत नाही. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वाळलेल्या फुलांचा, कडूपणा पाण्यात उतरायला तासभराची जोरदार उकळी लागते, आणि काढ्यातली प्रथिनं गोळा होऊन खाली बसायलाही तीच लागते. म्हणून शेगडीला जेवढं खळखळवता येईल तेवढंच करायचं. स्वयंपाकघरातल्या एका बर्नरवर नीट उकळतो तो १५ लिटर काढा, त्यातून बिअर मिळते १२ लिटर. म्हणजे एकवीस पाइंट. तिघींना दोन आठवडे पुरेल. आणि घाणा छोटा असला की महिन्यातून दोनदा करता येतो, वेगवेगळे हॉप्स वापरून बघता येतात. शिकायचं असेल तर हेच चांगलं.

तेव्हा पहिलं काम हे कर. लीड्सच्या घरी जी मैत्रीण आहे तिला सांग, शेगडीचा फोटो काढून पाठव, आणि शक्य असेल तर तिच्या खालच्या किंवा मागच्या पट्टीवरचे किलोवॉटचे आकडेही. गॅस आहे, काचेची इलेक्ट्रिक आहे की इंडक्शन, हे कळल्याशिवाय रविवार कारंज्याच्या पुढे पाऊल टाकू नकोस. चांगल्या इंडक्शनची मोठी चकती २ किलोवॉटच्या आसपास असते, पण तिची बहुतेक उष्णता पातेल्यातच जाते. त्यामुळे आकड्याने लहान दिसली तरी ती गॅसच्या ३ किलोवॉटला भारी पडते.

आता माप. मी सांगेन ते ३० सेंटिमीटर व्यासाचं आणि ३० सेंटिमीटर उंचीचं. हे काठोकाठ २१ लिटर भरतं. तू पिशवीची पद्धत वापरत असशील, म्हणजे सगळं पाणी आणि कापडी पिशवीतला दळलेला माल्ट एकाच भांड्यात. तर त्याचा हिशेब असा: १२ लिटर बिअरला साधारण पावणेतीन किलो माल्ट. पाणी १७ लिटर, कारण दोन लिटर माल्ट पिऊन टाकतो. माल्ट स्वतः पावणेदोन-दोन लिटरची जागा अडवतो. एकूण झाले १९ लिटर. २१ च्या पातेल्यात बसतात, वर जेमतेम तीन सेंटिमीटर जागा राहते. पिशवी काढल्यावर राहतात १५ लिटर आणि वर साडेआठ सेंटिमीटर मोकळी जागा. ती जागा वाया गेलेली नसते. पहिली उकळी येताना काढा दुधासारखाच उतू जातो, फक्त दुधापेक्षा जास्त बेइमानीने. आधी वर तपकिरी साय धरल्यासारखी दिसते, मग ती मधोमध फुगते आणि बघता बघता फेस काठाशी येतो. पाच-दहा मिनिटं आच कमी करून, कालथ्याने ढवळून, थंड पाण्याचा हबका मारून सांभाळायचं, मग तो फेस फाटतो आणि पुन्हा त्रास देत नाही. हॉप्स टाकल्यावर एकदा परत वर येतो, तेव्हाही तिथेच उभं राहायचं. काचेच्या शेगडीवर उतू गेलेला काढा म्हणजे करपलेला पाक. घरमालकाचं डिपॉझिट त्यात जाऊ शकतं.

दुकानदार "वीस लिटरचं" म्हणतो तेव्हा तो काठोकाठ सांगतो, आणि आपल्या पातेल्यांच्या बुडाला कडेने गोलाई असते, तिथे आणखी अर्धा-पाऊण लिटर जातो. म्हणून फूटपट्टी घेऊन जा आणि आतून मोज.

आकार उभा हवा. व्यास आणि उंची सारखी, किंवा उंची थोडी जास्त. आपली नेहमीची पातेली बसकी आणि रुंद असतात, कारण त्यात आमटी ढवळायची असते, भात उपसायचा असतो. गुऱ्हाळातली काहील आठव. ती परातीसारखी पसरट असते, कारण तिथे रस आटवायचाच असतो. आपल्याला थोडंसंच आटवायचं आहे, बाकी उष्णता आत धरायची आहे. लहान आचेवर रुंद तोंडाचं पातेलं ठेवलं की मिळालेली सगळी उष्णता वरून निघून जाते आणि उकळी बसते. दुकानात "उभा टोप" किंवा "स्टॉक पॉट" असं विचार. हॉटेलवाल्यांसाठी माल ठेवणाऱ्या दुकानांत हा आकार हमखास असतो. घरगुती संसाराच्या दुकानात तुला बसकं पातेलं आणि पाण्याचा हंडा यांच्यामधलं काही मिळणार नाही.

काचेच्या किंवा इंडक्शनच्या शेगडीसाठी बूड सपाट हवं, अगदी आरशासारखं. इथेच आपली पातेली मार खातात. गॅसवर बूड थोडं फुगीर असलं तरी ज्योत त्याला वेढते. काचेवर मात्र जिथे टेकत नाही तिथे तापत नाही. दुकानात पातेलं उलटं कर, बुडावर फूटपट्टी उभी धर आणि उजेडाकडे बघ. पट्टीखालून उजेड दिसला तर ते ठेवून दे. मग सुलटं करून दुकानाच्या फरशीवर ठेव आणि काठावर एका बोटाने दाब. डुललं तर नको. इंडक्शन असेल तर फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात टाकून ने. ते बुडाला घट्ट चिकटलं पाहिजे, मधेही आणि कडेलाही. नुसतं मधे चिकटत असेल तर बुडात बसवलेली चुंबक धरणारी चकती लहान आहे, तेवढाच गोल तापेल आणि काढा तिथेच लागेल.

चुंबकाबद्दल एक गैरसमज बाजारात फार आहे, तो सांगून टाकते. "चुंबक चिकटत नाही म्हणजे ओरिजिनल ३०४ स्टील" असं दुकानदार सांगतात. तसं नाही. ३०४ ला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण स्वस्त २०२ लाही चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, म्हणून ते स्वस्त. दोघांत फरक करायचा तर फॅब्रिकेशनवाल्यांकडे तपासणीचं द्रावण असतं, थेंब टाकला की मँगनीज जास्त असलेल्या स्टीलवर लाली येते. तू एवढ्या खोलात जाऊ नकोस. बिलावर ग्रेड लिहून माग. दुकानदार लिहून द्यायला तयार असेल तर ३०४, आढेवेढे घेतले तर २०२ समज आणि त्याच भावाने घे.

आणि २०२ घेतलंस तर बिघडलं का? उकळण्यापुरतं नाही. माल्टच्या काढ्याची आम्लता पीएच ५.२ ते ५.५ च्या आसपास असते. टोमॅटोचं सार आणि चिंचेची आमटी याच्यापेक्षा कितीतरी आंबट, आणि ती आपण त्याच स्टीलमध्ये रोज करतो. फक्त ब्लीच वापरायचं नाही. क्लोरीनने स्टीलला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, २०२ ला लवकर आणि ३०४ लाही उशिरा का होईना. पुढे याच पातेल्याला तोटी लावायची असेल किंवा भांडं दहा-पंधरा वर्षं वापरायचं असेल तर मात्र ३०४ साठी थोडे जास्त पैसे घाल.

आता ॲल्युमिनियम, म्हणजे आपलं जर्मलचं पातेलं. गॅसची शेगडी असेल आणि पैसे खरंच कमी असतील तर मी बिनदिक्कत तेच घ्यायला सांगेन. ॲल्युमिनियम स्टीलच्या दहा-पंधरा पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे बूड एकसारखं तापतं आणि काढा लागत नाही. त्याच जाडीच्या स्टीलच्या एक तृतीयांश वजन, पण पत्रा जाड घ्यावा लागतो. लोकांना त्याची भीती वाटते. पण पहिल्यांदा काठोकाठ साधं पाणी भरून अर्धा-पाऊण तास उकळलं की आतून करडा-काळपट थर धरतो. तोच थर धातूला झाकतो. मग तो घासून घासून चकचकीत करायचा नाही. आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर ती तारेच्या काथ्याने पांढरं शुभ्र करून देईल. धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिकची पावडरही लावायची नाही, ॲल्युमिनियम त्यात विरघळतं. मऊ स्पंज आणि भांड्यांचा साधा साबण पुरे. इंडक्शनवर मात्र साधं ॲल्युमिनियम चालतच नाही.

आईच्या तांब्याला मी नाही म्हणणार नाही, पण आत्ता नको. तिचं म्हणणं चुकीचं नाही. विलायतेतल्या ब्रुअरीत उकळण्याच्या भांड्याला आजही "कॉपर" म्हणतात, मग ते स्टीलचं का असेना. इतकी शतकं ते तांब्याचंच असायचं. तांब्याइतकी उष्णता ॲल्युमिनियमही वाहून नेत नाही, आणि बिअरमध्ये कधी कधी येणारा सडक्या अंड्याचा गंधकी वास तांब्याच्या स्पर्शाने कमी होतो. पण किंमत बघ, शिवाय दर वेळी हिरवा कळंक चिंचेने घासून काढल्याशिवाय ते वापरता येत नाही, कारण तो कळंक विषारी असतो. इंडक्शनवर तेही चालत नाही. तांब्याची हौस असेल तर फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्यांकडे मिळते ती मऊ तांब्याची नळी, दहा मीटर, गुंडाळी करून ने. उकळलेला काढा झटपट थंड करायला तिच्यातून नळाचं पाणी सोडायचं. गुंडाळीचा व्यास पातेल्याच्या आतल्या व्यासापेक्षा चार-पाच सेंटिमीटर कमी ठेव. पितळेचं भांडं मात्र घेऊ नकोस, पितळेत शिसं असू शकतं. एनॅमलचंही नको. टवका उडाला की तिथून गंज.

जाडीचं सांगते, कारण फसवणूक सगळ्यात जास्त तिथे होते. पातळ स्टीलचं बूड म्हणजे करपण्याची हमी. माल्टचा काढा म्हणजे साखरेचं पाणी, आणि बासुंदी पातळ पातेल्यात केली तर काय होतं ते तुला माहीत आहे. दुकानदार गेज सांगतो. गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढा पत्रा पातळ: १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९, २२ गेज म्हणजे ०.७. पण गेज डोळ्यांनी कळत नाही. काठ दुमडून जाड केलेला असतो आणि बोटांना सगळंच भक्कम लागतं.

वजन मात्र खोटं बोलत नाही. भांडी बाजारात माल किलोवर विकतात, काटा समोरच असतो. ३० बाय ३० च्या पातेल्याचा पत्रा एकूण साडेतीन हजार चौरस सेंटिमीटर भरतो. १ मिलिमीटर जाडीचं स्टील असेल तर त्याचं वजन, झाकण आणि कड्या सोडून, २ किलो ८०० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. पावणेदोन किलो आलं तर पत्रा ०.६ चा आहे, दुकानदार काहीही म्हणो. ॲल्युमिनियम असेल तर अडीच मिलिमीटर जाडी हवी, त्याचं वजन २ किलो ४०० ग्रॅम. तीन थरांचं बूड असलेलं इंडक्शनचं भांडं असेल तर बुडातल्या चकतीचं म्हणून सुमारे एक किलो वजा करायचं आणि मग बाकीचा हिशेब. मी गेल्या वर्षी एका ओळखीच्या मुलासाठी असंच पातेलं घ्यायला गेले होते. दिसायला एकसारखी दोन भांडी, एकच माप, एकाच फळीवर. काट्यावर ठेवली तर एकात आणि दुसऱ्यात ९०० ग्रॅमचा फरक. दुकानदारानेच मग हसून आतलं तिसरं काढलं, ते दोघांपेक्षा जड होतं.

कड्या. इथे मी कडक आहे. आपली साधी पातेली बिनकडीची असतात, काठाला सांडशी लावून उचलायची. १५ लिटर उकळता काढा सांडशीने उचलायचा नाही. दोन बाजूंना दोन भक्कम कड्या हव्यात, प्रत्येकीला निदान दोन रिव्हेट किंवा पूर्ण वेल्डिंग. एक कडी हातात धरून पातेलं आडवं लोंबकळव आणि झटका दे. कडीच्या मुळाशी पत्रा वाकताना दिसला तर परत ठेव. तरीही उकळतं पातेलं उचलायचं नाहीच. गरज पडू देऊ नकोस. तिथल्या सिंकमध्ये पातेलं बसतं का तेही मैत्रिणीकडून मोजून घे. कोमट झाल्यावर थंड पाण्यात उभं करता आलं तर काम निम्मं होतं, आणि ३० सेंटिमीटर व्यासाचा हा एक मोठा फायदा आहे.

तोटी आत्ता लावू नकोस. सायफनच्या नळीने थंड झालेला काढा वरून छान उतरतो आणि तळाचा गाळ तळाशीच राहतो. लावायचीच असेल तर सातपूर किंवा अंबडला स्टीलचं काम करणारे आहेत. अर्धा इंची स्टीलचं सॉकेट आर्गन वेल्डिंगने बसवून माग आणि बॉल व्हॉल्व्हही स्टीलचाच घे. साध्या वेल्डिंगचा डाग आतून काळा आणि खडबडीत राहतो आणि तिथे गंज धरतो. इंडक्शनच्या तीन थरांच्या बुडाजवळ मात्र कुणाला वेल्डिंग करू देऊ नकोस.

दोन छोट्या गोष्टी भांडी बाजारातूनच घेऊन जा. एक म्हणजे बुडाशी उपडी ठेवायला स्टीलची भोकांची ताटली, म्हणजे माल्टची पिशवी थेट बुडाला टेकून जळणार नाही. दुसरी म्हणजे लांब दांड्याचा लाकडी कालथा. पिशवी तर आईच शिवून देईल, चक्का बांधायच्या फडक्याहून थोडं जाळीदार कापड हवं, पातेल्याच्या काठावरून बाहेर दुमडता येईल एवढी मोठी.

कालथ्याच्या दांड्यावर खुणा कर. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात दर सेंटिमीटरला ०.७ लिटर पाणी असतं. नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून गोदेचं पाणी किती चढलं ते सांगतो, तसं तुला त्या दांड्यावरून कळलं पाहिजे की किती आटलं. बुडाची गोलाई असल्यामुळे नुसतं गणितावर जाऊ नकोस. एक एक लिटर मोजून ओत आणि चाकूने खाच पाड. पेन्सिलची खूण पहिल्याच उकळीत जाते.

आणि साध्या पाण्याची चाचणी, ती इथेच करून जा. आईच्या गॅसवर १५ लिटर पाणी उकळून बघ. उकळी यायला किती वेळ लागला, तासाभरात किती आटलं, कड्या किती तापल्या, बूड फुगून डुलायला लागलं का. पातळ बूड तापल्यावर फुगतं, ते थंड असताना दुकानात दिसत नाही. काही गडबड निघाली तर पातेलं बदलून घ्यायला तू अजून नाशिकमध्येच असशील. लीड्सला गेल्यावर तिथल्या शेगडीवर हीच चाचणी पुन्हा कर, कारण किती आटतं तो आकडा प्रत्येक शेगडीचा वेगळा. तासाला दीड लिटरच्या खाली आला तर घाणा १० लिटरवर आण. झाकण घालून जोर आणू नकोस. फार तर अर्धं झाकून ठेव, थेंब बाहेर पडतील असं.

पुढे कधी २३ लिटरचा घाणा करावासा वाटला तर त्याला ३८ बाय ३८ चं, ४३ लिटरचं भांडं लागेल. त्याला चुलीचं नाही तर विजेचं तापवणं हवं, तिथल्या १३ ॲम्पिअरच्या सॉकेटवर चालणारं ३ किलोवॉटचं. भरल्यावर ते ४० किलोच्या वर जातं, काचेच्या शेगडीवर ठेवायचंच नाही. तोपर्यंत लीड्सशेजारच्या ब्रॅडफर्डमधल्या आपल्याकडच्या भांड्यांच्या दुकानांवर आणि हौस सोडलेल्या लोकांच्या जुन्या सामानावर नजर ठेव. मोठं भांडं तिथे जुनंच घ्यावं, इथून नेण्यात अर्थ नाही.

न्यायचं कसं? बहुतेक विमान कंपन्या चेक-इन सामानाची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरपर्यंत घेतात आणि वजन २३ किलोपर्यंत. तुझं पातेलं खोक्यात घालून, कड्या धरूनही, शंभर-सव्वाशेच्या आत बसतं. त्यात वर्तमानपत्र कोंबून जागा वाया घालवू नकोस. आधी तळाशी एक टॉवेल, मग फराळाचे डबे, मधल्या जागेत स्वेटर, वर झाकण उलटं आणि बाहेरून दोन चादरी, म्हणजे काठाला पोचा येणार नाही. चकली आणि चिवडा जाईल. पेढे, बर्फी, तुपातलं काही भरू नकोस. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात.

शेगडीचा फोटो आला की इथेच टाक. भांडं गॅसचं घ्यायचं की इंडक्शनचं ते मी लगेच सांगते.